खालून आलेलं की वरून गेलेलं?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत बोअर मारला. शनिवारी सकाळी सहाला ती अजस्र गाडी गेटमधून आत आली आणि वीकेंडची झोप संपली. मग काय, चहाचा कप घेऊन खाली जाऊन उभा राहिलो. आधी लाल माती, मग मुरूम, आणि वीस-पंचवीस फुटांनंतर नुसता काळ्या दगडाचा राखाडी भुगा. कॉम्प्रेसरचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच. दीडशे फुटांवर मुलीने विचारलं, "बाबा, इतक्या खाली कोणी राहतं का?"

मी म्हटलं, "नाही गं, तिथे नुसता दगड." आणि मग संध्याकाळी, सवयीप्रमाणे, खात्री करायला बसलो. तर सपशेल चूक निघालो! पण चूक निघालो त्यापेक्षा एक गोष्ट जास्त मजेशीर वाटली. हेच चुकीचं उत्तर भल्याभल्या शास्त्रज्ञांनी साठेक वर्षं दिलं, आणि ते चुकीचं आहे हे सिद्ध करणं का अवघड गेलं, ती गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या अगदी ओळखीची आहे.

सुरुवात तेलापासून. १९२० च्या दशकात शिकागो विद्यापीठात एडसन बॅस्टिन नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. तेलविहिरींतून तेलाबरोबर जे खारं पाणी वर येतं त्याचं एक कोडं त्यांना सुटत नव्हतं. त्या पाण्यात सल्फेट असायला हवं, ते जवळजवळ नसायचंच. उलट सडक्या अंड्यांचा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड भरपूर. आता सल्फेटवर जगून हा वायू सोडणारे जिवाणू दलदलीत, गाळात असतात हे तोवर माहीत झालेलं होतं. बॅस्टिननी सरळ तर्क केला: परिणाम तोच, तर करणाराही तोच असेल. फ्रँक ग्रीअर या जिवाणूशास्त्रज्ञाला मदतीला घेऊन त्यांनी विहिरींचं पाणी तपासलं, आणि खरंच शेकडो मीटर खोलीवरच्या पाण्यातून जिवाणू वाढले. १९२६ साली हे छापून आलं.

प्रतिक्रिया काय असेल? "अहो, ते तुमच्या ड्रिलिंगबरोबर खाली गेले असतील!"

आणि ह्यात वेडगळ काहीच नव्हतं बरं का. विहीर खोदताना पात्याला थंडावा द्यायला आणि भुगा वर आणायला चिखलाचं पाणी आत सोडतात. ते पाणी जवळच्या ओढ्याचं किंवा डबक्याचं. त्याच्या प्रत्येक थेंबात लाखो जिवाणू. पाइपाला माती, कामगारांचे हात, वंगण... खाली कोट्यवधी वर्षं एकही जीव नसला तरी आपण खोदून तपासल्यावर तिथे जीव सापडणारच! आमच्याकडे टेस्टिंगमध्ये कधीकधी असं होतं. लॉगमध्ये एक विचित्र नोंद दिसते, आठवडाभर सगळे डोकं खाजवतात आणि शेवटी कळतं की ती नोंद आपल्याच टेस्टने लिहिली होती. बॅस्टिनचा दोष एवढाच की नोंद टेस्टची नाही हे दाखवायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. त्यात काही वर्षांनी, १९३१ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स लिपमन यांनी कोळशाच्या आतून प्राचीन जिवंत जिवाणू काढल्याचा दावा केला. इतरांनी तपासल्यावर ते कोळशाच्या बारीक भेगांतून शिरलेले असावेत असं दिसलं. झालं, सगळा विषयच बदनाम झाला.

मग १९५५. अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेतले क्लॉड झोबेल आणि रिचर्ड मोरिटा यांनी प्रशांत महासागराच्या तळाचा गाळ तपासला. झोबेल म्हणजे सागरी जिवाणूशास्त्रातलं मोठं नाव. दहा हजार मीटर खोल पाण्याखालच्या गाळात जिवंत जिवाणू दाखवणारा हा माणूस. पण ह्या नमुन्यांत जसजसं खाली जावं तसतसे जिवाणू कमी होत गेले आणि ७.४७ मीटरच्या खाली काही वाढेचना. म्हणून त्यांनी जीवावरणाची खालची सीमा तिथे टाकली. सात मीटर सत्तेचाळीस सेंटिमीटर! मला त्या दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांचं फार कौतुक वाटतं. वाढलं नाही म्हणजे नाहीच, असा तो हिशेब. पण निसर्गातले बहुतेक जिवाणू आपल्या बशीतल्या खुराकावर वाढतच नाहीत. आणि खोलवरचे तर इतक्या संथपणे जगतात की एकाचे दोन व्हायला शेकडो वर्षंही लागू शकतात. प्रयोगशाळेत दोन आठवडे वाट बघून काय कळणार?

पुढची तीस वर्षं बहुतेकांसाठी प्रश्न मिटलेला होता. तो पुन्हा उघडला तो कुतूहलाने नाही, घाणीने. साउथ कॅरोलिनातल्या सॅव्हाना रिव्हर इथे अमेरिका अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम आणि ट्रिटियम बनवत असे. तिथली रसायनं भूजलात उतरली होती. ही घाण खाली मुरली की तिचं पुढे काय होतं? तिला खाणारं तिथे कोणी आहे का? अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातले फ्रँक वोबर यांनी हा प्रश्न लावून धरला, पैसे मिळवले, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे केवळ सूक्ष्मजीवांसाठी बोअर घेतले गेले, सुमारे पाचशे मीटरपर्यंत.

इथे मला खरी मजा आली. कारण त्यांनी जुना आक्षेप उडवून लावला नाही, तो मान्य केला. दूषण होणारच असं धरून चालले, आणि मग ते मोजायचं ठरवलं. ड्रिलिंगच्या पाण्यात मुद्दाम रंग आणि ब्रोमाइडसारखी खुणेची द्रव्यं मिसळली. अवजारं वाफेने धुतली. खालून दगड-मातीचा दंडगोल वर आला की तो नायट्रोजन भरलेल्या पिशवीत, हवेचा स्पर्श न होऊ देता, सोलायचा. फणस सोलतात तसं बाहेरचं सगळं काढून टाकायचं आणि आतला गर तेवढा घ्यायचा. त्या गरात खुणेचं द्रव्य सापडलं तर नमुना बाद. नाही सापडलं, आणि तरीही जिवाणू आहेत? मग ते तिथलेच.

आणि ते होते. पाचशे मीटरपर्यंत, आणि तऱ्हेतऱ्हेचे. साठ वर्षांनी बॅस्टिनच्या बाजूने निकाल लागला, पण तो ऐकायला बॅस्टिन नव्हते.

पुढचं मग भराभर झालं. १९९२ मध्ये व्हर्जिनियात एका तेल कंपनीच्या शोधविहिरीतून पावणेतीन किलोमीटरच्या आसपासचे नमुने मिळाले. त्यातल्या एका जिवाणूचं नाव ठेवलं बॅसिलस इन्फर्नस, म्हणजे नरकातला. त्याच वर्षी कॉर्नेलचे थॉमस गोल्ड यांनी एक निबंध लिहून जमिनीखालचं जीवन वजनाने वरच्या जीवनाच्या तोडीचं असू शकेल असं म्हटलं. हे गोल्ड मूळचे खगोलशास्त्रज्ञ, वादग्रस्त माणूस. पृथ्वीतलं तेल जीवांपासून बनलेलंच नाही या त्यांच्या मतापायी स्वीडनमध्ये साडेसहा किलोमीटरहून खोल विहीर खणली गेली. तिथून थोडा काळा चिकट लगदा निघाला, आणि टीकाकारांनी विचारलं की हे तेल तुमच्याच ड्रिलिंगच्या द्रवातलं कशावरून नाही! पुन्हा तेच. तेलाबाबतचं त्यांचं म्हणणं बहुतेकांनी मानलं नाही, पण "खाली जीवन आहे" हे मात्र खरं ठरलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल भेगेतल्या पाण्यात तर जवळजवळ एकाच जातीच्या जिवाणूची वस्ती सापडली. २००८ साली त्याचा जनुकसंच छापला गेला. ना सूर्यप्रकाश, ना वरून येणारं अन्न. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाणी फुटतं, त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर स्वारी जगते. आडनाव दिलंय ऑडॅक्सव्हिएटर, धाडसी प्रवासी, ज्यूल व्हर्नच्या पाताळयात्रेच्या कादंबरीतल्या लॅटिन संदेशावरून. आणि २०१२ मध्ये 'चिक्यू' या जपानी जहाजाने समुद्रतळाखाली २४६६ मीटरपर्यंत खोदलं. तिथे काही नमुन्यांत घनसेंटिमीटरमागे एखादी पेशी मिळते की नाही अशी गत. एक पेशी मोजायची, आणि ती तुमच्या हातमोज्यावरची नाही हे सिद्ध करायचं! बॅस्टिनना विचारलेला प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता, फक्त बारीक झाला होता.

आता आपल्याकडे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या आईच्या आठवणीत अजून आहे. तिथले भूकंप होतात त्या खडकापर्यंत पोचायचं म्हणून कऱ्हाडला केंद्राची प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाला. वरचे सव्वा किलोमीटर आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा खडक, वय अडीचशे कोटी वर्षांच्याही पुढे. हेतू भूकंपाचा, पण त्या भागातल्या बोअरमधून निघालेल्या खडकांतून खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मजीवांचा डीएनए काढला. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचं उत्तर पुण्याहून काही तासांच्या अंतरावर होतं, आणि मी "नुसता दगड" म्हणून मोकळा झालो होतो.

तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या बोअरमध्येपण असतील?"

आमच्या बोअरला २८० फुटांवर पाणी लागलं. टँकरचं पाणी ओतत, ग्रीस फासलेल्या रॉडनी, दहा जणांच्या घोळक्यात खोदलेला बोअर तो. परवा पाण्याचा तपासणी अहवाल आला. जिवाणू आहेत, चांगले भरपूर आहेत. कोलिफॉर्म. चेअरमन आता ड्रेनेजची लाइन कुठे फुटलीय ते शोधतायत.