कुकसाहेबाची खारफुटी

विरार लोकलने भाईंदर सोडलं की वसईची खाडी लागते आणि काठाने तिवरं दिसतात. १८६०च्या दशकात इथला रेल्वेचा लोखंडी पूल बांधणारा थिओडोर कुक हा आयरिश इंजिनिअर १८६५मध्ये पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा (म्हणजे आजच्या सीओईपीचा) प्राचार्य झाला. पुढे त्याने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथच लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. आठ तास कोड लिहून थकणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनिअरला याचा हेवा वाटतो.

कुकच्या इलाख्यात सिंधही होता आणि कारवारही. खारफुटीसाठी ही मोठी सोय. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, कराचीला जेमतेम दोनशे. समुद्र तोच, अरबी. पण खाडीत गोडं पाणी किती उतरतं, यावर चिखलात कोण टिकणार ते ठरतं. तिवर मुळांतून आत आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे फार खारट चिखलातही तगतं. कांदळ बरंचसं मीठ मुळांशीच अडवतो, पण खारटपणा फार वाढला की त्याची वाढ खुंटते. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत कांदळ, चिप्पी, तिवर अशी सरमिसळ दिसते.

सिंधू नदीच्या मुखाशी पाऊस नव्हता, पण नदी होती. तिच्या भरवशावर तिथे खारफुटीच्या आठ जातींची नोंद झाली होती. मग वरच्या अंगाला कालवे आणि धरणं होत गेली, १९५५मध्ये कोटरी बंधारा झाला. आज तिथलं जवळजवळ सगळं जंगल एकट्या तिवराचं आहे. कांदळ संपला होता, तो पुन्हा लावावा लागला. उपग्रहाच्या चित्रात मात्र दोन्ही हिरवंच दिसतं. आपल्याकडेही कांदळवनाचा हिशेब हेक्टरमध्येच मांडतात. जाती मोजायला कुकसारखं चिखलात उतरावं लागतं.

पुण्याचा खाडीशी काय संबंध, असं मित्र विचारतात. मुळशी धरणात अडवलेलं मुळेचं पाणी १९२७पासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. एरवी ते पुण्यावरून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं. आता ते कुंडलिकेत उतरतं, पावसाळ्यात आणि भर उन्हाळ्यातही, आणि कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला मिळते. आता हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावं, अशी मागणी पुण्यात होते. त्या चर्चेत वीज असते, आमचे नळ असतात. रेवदंड्याची खाडी नसते.