वाटाड्याची मजुरी आणि वरचे पैसे

अमेरिकेत नदीवर किंवा सरोवरावर गळाने मासे धरण्याचा छंद असलेली माणसे दिवसभरासाठी एखादा वाटाड्या ठरवतात. तो होडी वल्हवतो, मासा कोठे असेल ते दाखवतो, गळाला कृत्रिम माशी बांधून देतो, गुंतलेली दोरी सोडवतो आणि नवख्याला शिकवतोही. संध्याकाळी ठरलेले पैसे चुकते झाल्यावर एक प्रश्न उरतोच : याला वर किती द्यायचे? सहलीच्या दराच्या पंधरा ते वीस टक्के, असा तिकडचा आजचा रिवाज साधारणपणे सांगितला जातो. मासा मिळाला नाही म्हणून हात आखडता घेऊ नये, कारण वाटाड्याच्या हाती मेहनत असते, मासा नसतो, असेही जाणती माणसे बजावतात. शिष्टाचाराची पुस्तके येथे थांबतात. वर किती द्यावे, हे शिष्टाचार सांगू शकेल. पण वरच्या पैशांवाचून कोणाचे चालते आणि कोणाचे चालत नाही, हे कळण्यासाठी इतिहासाकडेच जावे लागते. आम्हांस येथे त्याच वाटेने थोडे जायचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘बक्षीस’ आपल्याकडे फारसीतून आले आणि त्याच्या मुळाशी देणे व क्षमा करणे असे दोन्ही अर्थ आहेत. स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीला मिळते ते बक्षीस आणि हमालाच्या हातावर ठेवले जाते तेही बक्षीसच. दिवाळीला गडीमाणसांना द्यायची ती ‘पोस्त’. ‘चहापाणी’ हा शब्द तर कृतज्ञता आणि लाच यांच्या सीमेवर कायमचाच उभा आहे. फ्रेंचांचे ‘पूरब्वार’ म्हणजे पिण्यासाठी, जर्मनांचे ‘ट्रिंकगेल्ट’ म्हणजे पिण्याचे पैसे, रशियनांचे ‘ना चाय’ म्हणजे चहासाठी. या साऱ्या शब्दांत पेय आहे, जेवणाचे नाव कोणी घेतलेले नाही. जेवण मजुरीतून व्हायचे, हे त्या त्या भाषेने गृहीतच धरलेले आहे. इंग्रजीतील ‘टिप’ ही तत्परतेची हमी मागणाऱ्या तीन शब्दांची आद्याक्षरे होत, अशी एक कथा अजूनही सांगितली जाते. ती मागाहून रचलेली आहे. हा शब्द सतराव्या शतकातील भामट्यांच्या बोलीतून, देणे किंवा हळूच सरकवणे या अर्थाने वर आला.

इंग्लंडात अठराव्या शतकात बड्या घरी पाहुणचार घेतलेल्याला निघताना यजमानाच्या नोकरांच्या हातावर पैसे ठेवावे लागत. त्यांना ‘व्हेल्स’ म्हणत. १७६० च्या सुमारास स्कॉटलंडमधील प्रतिष्ठितांनी ही प्रथा मोडण्याचे ठरवले. पुढे लंडनमध्येही तसे प्रयत्न झाले, तेव्हा १७६४ साली तेथील नोकरांनी दंगा केला. हा दंगा हावरटपणाचा म्हणून नोंदला गेला खरा. परंतु नोकरांचे वेतन या पैशांचा अंदाज धरूनच ठरत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा संताप निराळा दिसू लागतो. पाहुण्याचा हात आखडला की यजमानाने आधीच वाचवलेला पैसा नोकराच्या ताटातून जात होता.

आता मासेमारीच्या वाटाड्याकडे येऊ. १८६९ साली बॉस्टनचा धर्मोपदेशक विल्यम मरे याने न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिरॉन्डॅक पर्वतराजीतील अरण्यावर एक पुस्तक लिहिले. ते वाचून त्याच वर्षी शहरी हौशी मंडळींची तेथे अशी झुंबड उडाली की, त्यांना ‘मरेचे मूर्ख’ असे नाव पडले. या पुस्तकात मरेने खर्चाचा चोख हिशेब दिला होता. वाटाड्याचा रोज अडीच डॉलर, त्याच्या शिध्याचा खर्च निराळा. वाटाडे कसे असतात, कोणता निवडावा, यावरही तो सविस्तर लिहितो आणि हॉटेलच्या पदरी असलेल्यांपेक्षा स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना पसंती देतो. हे वाटाडे त्याच मुलखातले होते. खांद्यावरून वाहून नेता येईल अशी हलकी होडी त्यांच्या या व्यवसायातूनच घडली. अबेनाकी जमातीचा मिचेल सबॅटिस हा त्यांच्यातला एक नामांकित. अरण्यात शहरातला वकील किंवा व्यापारी सर्वस्वी याच माणसावर अवलंबून असे. दोघे एकाच शेकोटीवर रांधलेले खात. दर समोरासमोर ठरे, पैसे हातोहात मिळत.

पुढे १८९१ साली ॲडिरॉन्डॅकच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभारली. मजुरीचा दर सर्वत्र सारखा असावा, हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होते. मेन राज्याने १८९७ साली वाटाड्यांसाठी परवाना सुरू केला. पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या मासेमारीत निष्णात असलेल्या स्त्रीला मिळाला. संघटना, दर आणि परवाना या तिन्हींनी मिळून एक गोष्ट साधली : वाटाड्याचे काम हा एक धंदा ठरला आणि त्याची किंमत ठरवण्यात करणाऱ्यालाही आवाज मिळाला. अशा माणसाला दिलेले वरचे पैसे खरोखरच वरचे होते. हे जीवन सुखाचे होते, असे आम्ही म्हणत नाही. काम हंगामी होते. मात्र गिऱ्हाईक खूश झाले नाही तरी ठरलेला रोज बुडत नसे.

याच काळात अमेरिकेत दुसरी एक व्यवस्था आकारास येत होती. १८६७ साली जॉर्ज पुलमन याने निजण्याची सोय असलेल्या रेल्वे डब्यांची कंपनी काढली. यादवी युद्ध १८६५ साली संपले होते आणि गुलामीतून नुकतीच सुटलेली लाखो कृष्णवर्णीय माणसे काम शोधत होती. पुलमनने डब्यातील सेवेसाठी नेमकी हीच माणसे घेतली. बिछाने घालणे, बूट चकचकीत करणे, रात्रभर घंटेला ओ देणे हे त्यांचे काम. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत नसत. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून प्रत्येक सेवक ‘जॉर्ज’. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची रीत रुळांवरून पुढे चालू राहिली. पगार इतका तुटपुंजा की, प्रवाशांच्या बक्षिसीवाचून घर चालणे अशक्य. १९२५ च्या सुमारास महिन्याचा पगार ६७.५० डॉलर होता आणि त्यासाठी महिन्याला सुमारे ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत. स्वतःचे जेवण आणि बुटांचे पॉलिशही त्यातूनच.

वाटाड्या आणि डब्यातील सेवक हे दोघेही प्रवाशाची सेवाच करत होते. एकाला मिळणारे वरचे पैसे ही कौतुकाची खूण ठरली, दुसऱ्याला तेच पैसे जगण्याचे साधन झाले. हा फरक प्रवाशाच्या दानतीमुळे पडलेला दिसत नाही. पहिल्याचा दर त्याच्यासमोर ठरत होता. दुसऱ्याचे वेतन मालकाने जाणूनबुजून अपुरे ठेवले आणि उरलेली भरपाई प्रवाशावर, म्हणजे प्रवाशाच्या लहरीवर, सोपवली. त्या लहरीला रिझवण्यासाठी लागणारे हसू हाही मग कामाचाच भाग झाला.

अमेरिकेत या प्रथेला विरोध झाला नाही असे नाही. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली. मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, साउथ कॅरोलिना, टेनेसी ही राज्ये मागोमाग आली. १९१६ साली विल्यम स्कॉट याने या प्रथेवर एक संतप्त पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘खाजणारा तळहात’ असा होतो. हे नावच पुष्कळसे सांगून जाते : दृष्टी खिळली ती पसरलेल्या हातावर. बंदीच्या कायद्यांनी हात आवरायला सांगितले, पण त्या हाताला पुरेशी मजुरी मिळेल अशी तरतूद केली नाही. १९२६ पर्यंत हे कायदे एकामागून एक संपुष्टात आले.

प्रश्नाचे खरे टोक सापडले ते घेणाऱ्यांनाच. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी आपली संघटना स्थापन केली. बक्षिसीऐवजी पोटापुरते वेतन, ही तिची एक प्रमुख मागणी होती. संघटनेने केंद्रीय वाणिज्य आयोगापुढे तक्रार नेली. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : सेवकाने बक्षिसीवर जगावे, हे कंपनीने गृहीत धरले आहे, म्हणजे ती प्रवाशांकडून जाहीर भाड्याहून अधिक पैसे आडमार्गाने वसूल करते आहे. १९२८ साली आयोगाने हा विषय आपल्या कक्षेत येत नाही असे सांगून तक्रार निकालात काढली. पुढे १९३७ साली कंपनीला संघटनेशी करार करावा लागला, तासही कमी झाले, वेतनही वाढले.

१९२८ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्या एका कारणाने आठवावे. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदार सरकारचे काम करत, पण त्यांचा मोबदला सरकारी तिजोरीतून पुरता येत नसे. काही इनाम जमीन आणि उरलेले गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते, अशी ती विभागणी होती. काम घेणारा एक, देणारा दुसरा. आणि देणारा रागावला की बलुते बंद, हे गावाच्या हातातले शस्त्र. या बलुत्याचे रूपांतर रोख वेतनात व्हावे, हा त्या विधेयकाचा एक गाभा होता. ते तेव्हा कायदा होऊ शकले नाही. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला.

या दोन लढ्यांचा परस्परांशी संबंध होता, असे आम्हांस सुचवायचे नाही. शिवाय दोन्ही व्यवस्था सारख्या नाहीत. पुलमनचा सेवक नोकरी सोडू शकत होता. वतन जन्माने चिकटलेले होते आणि त्यामागे अस्पृश्यतेची सक्ती होती. बलुते हे नावाने तर ‘हक्क’च होते. साम्य आहे ते एका ठिकाणी : दोन्हीकडे ज्याने मजुरी द्यायची तो मोकळा राहिला आणि ज्याच्याकडे कष्टकऱ्याने हात पसरायचा त्याला दात्याचे आसन मिळाले. साहित्याच्या अभ्यासकांना येथे आणखी एक गोष्ट खुणावेल. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, म्हणजे स्कॉटच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधीचा. आत्र्यांची समाजदृष्टी कितीतरी सखोल आहे. तरीही अलुत्या-बलुत्यांच्या मागणीने पिळून निघणाऱ्या कुणब्याची, म्हणजे देणाऱ्याची व्यथा तेथे ठळक ऐकू येते. घेणाऱ्याच्या बाजूने तोच शब्द मराठीत ठसण्यासाठी १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ यावे लागले.

आता पुन्हा नदीवर जाऊ. अमेरिकेच्या संघीय कायद्याने १९६६ साली मालकांना एक सवलत दिली : टिप मिळवणाऱ्या नोकराच्या किमान वेतनाचा काही भाग त्या टिपमधून भरला गेला असे धरता येईल. आज सर्वसाधारण किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर असताना अशा नोकराला मालकाने थेट द्यायचे किमान वेतन २.१३ डॉलर आहे आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेली मोंटाना व अलास्का ही राज्ये ही सवलत देत नाहीत. पण तेथेही वाटाड्याची स्थिती मरेच्या काळासारखी राहिलेली नाही. मोंटानात वाटाड्याला परवानाधारक सहल-व्यावसायिकाच्या हाताखाली काम करावे लागते. गिऱ्हाईक पैसे भरते ते त्या व्यावसायिकाकडे. वाटाड्याच्या वाट्याला त्यातला एक भाग येतो. धंद्याचा मालक स्वतःच सेवा देत असेल तर त्याला टिप देऊ नये, असा जुना संकेत होता. तो आता पातळ झाला असला तरी अर्थपूर्ण आहे : जो स्वतःचा दर स्वतः ठरवतो त्याला वरच्या पैशांची गरज नाही, हे शहाणपण त्यात होते. मधला माणूस आला आणि अरण्यातला स्वतंत्र वाटाड्या एक पाऊल डब्यातल्या सेवकाच्या दिशेने सरकला.

आपल्याकडेही हा प्रवास नव्या वेषात चालू आहे. भाड्याची मोटार मागवणाऱ्या ॲपवर गाडी लवकर मिळावी म्हणून ‘आगाऊ टिप’ मागितली जाते, याबद्दल मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका कंपनीला नोटीस दिली. सेवेआधी मागितलेल्या पैशाला बक्षीस म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे. ती बोली झाली.

मग द्यावे की देऊ नये? तत्त्वासाठी हात आखडणाऱ्याचा निषेध मालकापर्यंत पोहोचत नाही, तो वाटाड्याच्या खिशातच संपतो. १७६४ च्या नोकरांना हे ठाऊक होते. म्हणून द्यावे. शक्य तर त्याच्या हातात द्यावे, मासे न मोजता मेहनत पाहून द्यावे आणि आपण उपकार करत नाही याचे भान ठेवून द्यावे. पण सहल ठरवतानाच व्यावसायिकाला एक प्रश्न अवश्य विचारावा : आम्ही भरतो त्या रकमेतले वाटाड्याला किती मिळतात? हा प्रश्न शिष्टाचाराच्या पुस्तकांत सापडत नाही. रँडॉल्फ यांच्या संघटनेने आयोगापुढे आणि आंबेडकरांनी कायदेमंडळापुढे आपापल्या परीने विचारलेला प्रश्न मात्र याच जातकुळीचा होता.