वैयक्तिक वेबपान (विद्यापीठाच्या सर्व्हरवरील)

विद्यापीठाने विद्यार्थ्याला किंवा प्राध्यापकाला दिलेल्या संगणक-खात्यातून प्रसिद्ध होणारे वेबपान. पत्त्यात खातेदाराच्या नावाआधी येणाऱ्या ‘~’ या टिल्ड चिन्हावरून ते ओळखू येते. युनिक्समध्ये या चिन्हाचा अर्थ होम डिरेक्टरी. जुन्या एडीएम-३ए टर्मिनलवर ‘~’ आणि ‘होम’ एकाच कळीवर होते, तिथून ही खूण रूढ झाली.

१९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मकूल याने एक वेबसर्व्हर लिहिला. खातेदाराच्या ‘पब्लिक_एचटीएमएल’ फोल्डरमधल्या फाइली जगाला दाखवण्याची सोय त्यात होती. १९९५ मध्ये आलेल्या अपाचे सर्व्हरने ती पुढे चालवली. पानागणिक कोणाची मंजुरी घ्यावी लागत नसे. वेबच्या वाढीत या साध्या सोयीचा वाटा मोठा आहे, पण त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

स्टॅनफर्डच्या डॉनल्ड क्नूथ यांच्या पानावर त्यांच्या ग्रंथांतील चुकांच्या दुरुस्त्या मिळतात, आणि १९९० पासून आपण ई-मेल का वापरत नाही याचा खुलासाही. मुंबईच्या आयआयटीतील संगणकशास्त्र विभागातही प्राध्यापकांच्या पानांचे पत्ते ‘~’चेच.

पान चढवायचे तर फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.एचटीएमएल’ नावाची फाइल ठेवायची. पूर्वी ती एफटीपीने पाठवत. त्यात पासवर्ड उघडा जात असल्याने आता एसएफटीपी वापरतात. नवखा अडतो तो परवानग्यांपाशी. फाइलला बहुधा ६४४ आकडा द्यावा लागतो: वाचण्याचे ४ आणि लिहिण्याचे २ मिळून मालकाला ६, इतरांना फक्त वाचण्याचे ४. फोल्डरला ७५५. होम डिरेक्टरीतून इतरांना पुढे जाण्याची परवानगी, म्हणजे किमान ७११, नसेल तर बाकी सारे बिनचूक असूनही ब्राउझरवर ‘४०३ फॉरबिडन’ झळकते. दुसरी नेहमीची अडचण छायाचित्रांची. विंडोज फाइलनावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे एकच मानते, युनिक्स मानत नाही. त्यामुळे घरी दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो.

मराठी पानाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून पानात तशी नोंद केली, तरी सर्व्हर वेगळी अक्षरसंहिता कळवत असेल तर ब्राउझर सर्व्हरचेच ऐकतो आणि देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. अपाचेवर मुभा असेल तिथे ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमध्ये एक ओळ घालून हे सुधारता येते.

या पानांचे आयुष्य खात्याएवढेच. पदवी घेऊन विद्यार्थी बाहेर पडला आणि खाते बंद झाले की टिपणे, प्रबंध, दुवे सारे नाहीसे होते. इतरांनी संदर्भ म्हणून दिलेल्या पत्त्यावर ‘४०४’ उरतो. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्हमुळे काही पाने वाचली. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे: खाते सुरू असतानाच फोल्डरची प्रत काढावी, पान नव्या जागी हलवावे आणि जुन्या पत्त्यावरून तिकडे वळण लावावे.