चित्राचे नगर आणि नगराचे चित्र : सान्सेपोल्क्रोचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इटलीतील प्रबोधनकालीन कलेचा अभ्यास करताना आपले लक्ष फ्लॉरेन्स, रोम आणि व्हेनिस यांच्यापलीकडे सहसा जात नाही. तथापि या काळाचे स्वरूप कित्येकदा लहान नगरांत अधिक स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखात तोस्काना प्रांताच्या पूर्व सीमेवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वसलेल्या सान्सेपोल्क्रोचा विचार केला आहे. चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का (मृत्यू १४९२) आणि गणिती लुका पाचोली हे दोघेही याच गावचे. पिएरोचे 'पुनरुत्थान' हे भित्तिचित्र धार्मिक तर आहेच, पण ते या नगराच्या सार्वजनिक जीवनाचा दस्तऐवजही आहे. ते आपल्या गावी राहिल्यामुळेच हा दस्तऐवज वाचता येतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नगराची पार्श्वभूमी

सान्सेपोल्क्रो म्हणजे 'पवित्र समाधी'. दोन यात्रेकरूंनी जेरुसलेमहून आणलेल्या ख्रिस्ताच्या समाधीच्या अवशेषाभोवती हे गाव वसले, अशी आख्यायिका आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गावावर प्रथम रिमिनीच्या मालातेस्ता घराण्याची आणि नंतर पोपची सत्ता होती. १४४० साली जवळच्या आन्घियारी येथे फ्लॉरेन्स व मिलान यांच्या सैन्यांत लढाई झाली. पुढच्याच वर्षी पोप चौथा युजिन याने हे नगर २५,००० फ्लोरिनांना फ्लॉरेन्सच्या स्वाधीन केले. म्हणजे एका स्वाभिमानी नगराचा अक्षरशः सौदा झाला. १४४२ साली ज्या नगरसभेवर पिएरोची निवड झाली, ती याच सौद्यानंतरची होय. त्याचे वडील चामड्याचा व्यवसाय करीत. राजदरबारी कामे करूनही पिएरो आयुष्यभर या गावाकडे परतत राहिला.

'पुनरुत्थान' : नगरसभेतील चित्र

पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात रंगविलेले हे चित्र चर्चसाठी काढलेले नव्हते. ते नगरप्रशासनाच्या वास्तूत होते. आज तेथे नगरसंग्रहालय आहे. समाधीच्या कडेवर पाय ठेवून, हाती ध्वज घेऊन ख्रिस्त उभा आहे. खाली चार सैनिक झोपलेले आहेत. त्यांपैकी एकाचा चेहरा पिएरोचा स्वतःचा असावा, अशी परंपरागत समजूत आहे. एका बाजूची झाडे निष्पर्ण, तर दुसऱ्या बाजूची पालवलेली आहेत. सैनिक खालून पाहिल्यासारखे, तर ख्रिस्त समोरून पाहिल्यासारखा रंगविला आहे. या दोन दृष्टिकोनांमुळे पाहणाऱ्याची नजर आपोआप वर चढते.

या चित्रातील समाधी हे नगराच्या नावाचेच रूप होय. विकल्या गेलेल्या नगराने आपल्या कारभाराच्या दालनात समाधीतून उठणारा ख्रिस्त रंगवून घेतला, ही बाब केवळ योगायोग मानता येत नाही. निद्रिस्त पहारेकरी आणि जागा ख्रिस्त यांच्यासमोर निर्णय घेणाऱ्या सभासदांना या चित्राने कोणती आठवण दिली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

चित्रकला आणि व्यापारी गणित

पिएरोने व्यापारी अंकगणित, यथार्थदर्शन आणि पाच सम घनाकृती या विषयांवर ग्रंथ लिहिले. पिंपातील मालाचे घनफळ काढणारे व्यापारी आणि आकारांची प्रमाणे मोजून पाहणारे चित्रप्रेक्षक हे एकाच शिक्षणपद्धतीत घडले होते, असे मायकेल बॅक्झँडॉल यांनी १९७२ साली दाखवून दिले. आपल्या वाणिज्य शाखेतील अध्यापकांना पाचोलीचे नाव परिचित आहे. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत आधीपासून रूढ असलेल्या द्विनोंदी पद्धतीचे विवेचन त्याने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात केले. १५०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात मात्र पिएरोच्या घनाकृतींवरील ग्रंथाचे इटालियन रूपांतर मूळ लेखकाच्या नावाविना आले आहे. वासारीने त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. हिशेबाची चोख पद्धत जगाला समजावून देणाऱ्याच्या नावावर हे एक ऋण राहिले.

जे गेले आणि जे राहिले

पिएरोची अनेक चित्रे गावाबाहेर गेली. येथील चर्चसाठी काढलेला 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' १८६१ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतला. त्याच्या पार्श्वभूमीवर दिसणारे लहानसे नगर सान्सेपोल्क्रोच मानले जाते. १४५४ साली ठरविलेल्या सेंट ऑगस्टीन वेदीचित्राचे उरलेले भाग लंडन, लिस्बन, मिलान आणि न्यूयॉर्क येथे विखुरले आहेत. तेथे त्यांची निगा उत्तम राखली जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या वेदीसाठी ते एकत्र कल्पिले गेले, तिच्याशी असलेला त्यांचा संबंध तुटला आहे.

'पुनरुत्थान' गावातच राहिले, पण १९४४ साली तेही संकटात होते. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मुख्य चौकातील बेर्ता मनोरा उडवून दिला होता. गावावर तोफा डागण्याची कामगिरी असलेल्या टोनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याला ऑल्डस हक्सलीचा लेख आठवला. १९२५ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या लेखात हक्सलीने या चित्राला जगातील सर्वश्रेष्ठ चित्र ठरविले होते. क्लार्कने ते चित्र कधी पाहिलेही नव्हते. तरी त्याने तोफा थांबविल्या. गावातील एका रस्त्याला आज त्याचे नाव आहे.

समारोप

सान्सेपोल्क्रोच्या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, प्रबोधनकाळात चित्रकला, गणित आणि नगरकारभार ही एकाच समाजाची परस्परांत गुंतलेली अंगे होती. त्यांची विभागणी आपल्या विद्याशाखांनी नंतर केली. दुसरी, कलाकृतीचे जतन म्हणजे केवळ रंग व भिंत टिकविणे नव्हे, तर तिचा स्थळाशी असलेला संबंध टिकविणेही होय. लंडनमध्ये पिएरोची कला समजते. ती कोणासाठी आणि कशासाठी निर्माण झाली, हे मात्र सान्सेपोल्क्रोच्या त्या दालनात उभे राहिल्यावर उमगते.