पांढऱ्या वाळूचे खोरे

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मारवाड उभे राहते. तापलेली पिवळी वाळू, उंटांचा तांडा आणि दूरवर मृगजळ. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात टुलरोसाच्या खोऱ्यात आम्ही गेलो, तेव्हा ही समजूत आम्हांस वेशीवरच ठेवावी लागली. चोहोकडे मिठागरासारखी पांढरीशुभ्र टेकाडे! भर दुपारी भीतभीतच वहाणा काढल्या, तो पायांखाली गारवा. मग त्या वहाणा हातातच राहिल्या.

ही वाळू आपल्या नदीकाठची गारगोटीची वाळू नव्हे, ही जिप्समची. हाड मोडल्यावर डॉक्टर जे प्लॅस्टर घालतात, तेही याच जिप्समचे. पण जिप्सम पाण्यात विरघळते. पावसाने ते झिजावे आणि नद्यांनी समुद्रात नेऊन टाकावे, हा सृष्टीचा सामान्य क्रम. मग येथेच ते सुमारे ७०० चौरस किलोमीटर पसरून कसे राहिले? कारण या खोऱ्यातून समुद्राकडे जाणारी नदीच नाही.

२५ ते २८ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी जिप्समचे थर बसले. पुढे भूमी उचलली गेली, नंतर मधला भाग खचला, आणि पश्चिमेस सॅन आंद्रेस व पूर्वेस सॅक्रमेंटो हे डोंगर उरले. डोंगरांवरचे पाणी जिप्सम घेऊन उतरे आणि खोऱ्यात कोंडून पडे. हिमयुगात त्याचे ओटेरो नावाचे विस्तीर्ण सरोवर झाले. हिमयुग सरले, सरोवर आटले, स्फटिक उघडे पडले. ऊन, थंडी आणि वारा यांनी ते फोडले, कुटले आणि ईशान्येकडे लोटले. काही टेकाडे आजही वर्षाला ९ मीटरपर्यंत सरकतात. तरी सारीच्या सारी उडून जात नाहीत, कारण वाळूच्या थोडे खाली पाणी आहे. त्या ओलीने तळ धरून ठेवला आहे. ते पाणी खोल गेले, तर वाळूही सुटेल.

१९३३ साली ही भूमी राष्ट्रीय स्मारक ठरली, २०१९ साली राष्ट्रीय उद्यान. मधल्या काळात, १६ जुलै १९४५ रोजी, उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर, डोंगरापलीकडे, पहिला अणुस्फोट झाला. त्याची कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस गुंतवले ते दुसऱ्याच गोष्टीने.

जुन्या सरोवराच्या काठच्या चिखलात माणसांची पावले उमटून राहिली आहेत. २०२१ साली संशोधकांनी त्यांच्या वरखालच्या थरांतील पाणगवताच्या बियांवरून त्यांचे वय २१ ते २३ हजार वर्षे ठरविले. माणूस अमेरिकेत सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी आला, असे पंडित पूर्वी सांगत. साहजिकच शंका निघाली: पाण्यातली वनस्पती जुना कार्बन शोषून वय फुगवून दाखवीत असेल! शंका रास्त होती. २०२३ साली परागकण आणि गारगोटीचे कण तपासले. वय तेच आले.

एका ठिकाणी कुणी तरुण स्त्री, किंवा वयात येणारे पोर असेल, मूल कडेवर घेऊन दीड किलोमीटरहून अधिक चालत गेले आहे. मधेमधे मूल खाली ठेवलेले दिसते. त्याची इवली पावले शेजारीच आहेत. परतीच्या वाटेवर मूल नाही. मधल्या वेळात एक मॅमथ आणि एक प्रचंड स्लॉथ ही वाट ओलांडून गेले.

वाऱ्याने वरचा थर नेला म्हणजे ही पावले दिसू लागतात, आणि तोच वारा थोड्याच काळात ती पुसून टाकतो. संशोधक त्याच्या आधी पोहोचण्याची धडपड करीत आहेत.