विश्व हे संगणकीय अनुकरण आहे काय? : भौतिकशास्त्रीय युक्तिवादाची वाटचाल

विश्व हे संगणकीय अनुकरण, म्हणजे सिम्युलेशन, असावे ही कल्पना सामान्यतः निक बॉस्ट्रॉम यांच्या २००३ मधील निबंधाशी जोडली जाते. तथापि भौतिकशास्त्राच्या अंगाने तिचा विचार त्याहून साडेतीन दशके जुना असून त्याचे स्वरूपही निराळे होते. १९४१ मध्ये बर्लिन येथे झेड-३ हा संगणक उभारणारे अभियंते कोनराड त्सुझे यांनी १९६७ मध्ये एका लेखात व १९६९ मध्ये पुस्तकरूपाने असे प्रतिपादन केले की, अवकाश हीच सूक्ष्म घरांची गणनव्यवस्था असून मूलकण म्हणजे त्या घरांतून सरकणारे आकृतिबंध होत. या मांडणीला बाहेरच्या चालकाची गरज नव्हती. हा भेद पुढील लोकप्रिय लेखनात बहुधा लोपला.

या विचारातील मूलभूत अडचण रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये एमआयटीच्या परिषदेत स्पष्ट केली. प्रत्येकी दोन अवस्था असलेल्या अवघ्या ३०० कणांच्या पुंजयामिकीय वर्णनास २ चा ३०० वा घात इतक्या संख्या लागतात. दृश्य विश्वातील अणूंची अंदाजित संख्याही त्याहून कमी आहे. सामान्य संगणकाला हे पेलणे अशक्य. यावर फाइनमन यांनी सुचविलेला मार्ग म्हणजे पुंजनियमांवरच चालणारा संगणक.

बॉस्ट्रॉम यांचा युक्तिवाद मात्र भौतिकीचा नसून संभाव्यतेचा आहे. आपण अनुकरणात आहोत असे ते ठामपणे म्हणत नाहीत. तीन पर्यायांपैकी एक खरा असावा, एवढेच म्हणतात.

कसोटीची भाषा आली ती २०१२ मध्ये. सायलस बीन, झोहरे दावूदी व मार्टिन सॅव्हेज यांनी असे गृहीत धरले की, आपले शास्त्रज्ञ प्रबल आंतरक्रियेची आकडेमोड जशी चौकोनी जालकावर करतात, तसेच विश्वाचे अनुकरणही जालकावर चालत असावे. तसे असल्यास अत्युच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांच्या दिशांत जालकाच्या अक्षांची छाप उमटू शकेल. कल्पना चतुर आहे. पण अशी छाप सापडली तरी सिद्ध होईल ते अवकाशाचे खंडित स्वरूप, म्हणजे त्सुझे यांच्या मताजवळचे काही. चालकाचे अस्तित्व नव्हे. छाप न सापडल्यास जालक अधिक बारीक मानण्याची पळवाट उरतेच.

२०१७ मध्ये झोहर रिंगेल व दिमित्री कोव्रिझिन यांच्या शोधनिबंधाने ही कल्पना खोडून काढल्याच्या बातम्या झळकल्या. वस्तुतः त्यात काही विशिष्ट पुंजप्रणालींबाबत माँटे कार्लो या गणनपद्धतीला पडणारी मर्यादा दाखविली होती. ती मर्यादा सामान्य संगणकावरील एका पद्धतीची होती. फाइनमन यांनी सुचविलेल्या संगणकाची नव्हे.