रिबिनीचे फूल

रिबिनीचे फूल म्हणजे कापडी फितीचे दोन किंवा अधिक फासे मध्यभागी आवळून तयार केलेले, केसांत घालावयाचे अलंकरण होय. बोलीभाषेत त्यास ‘बो’ असेही म्हणतात. महाराष्ट्रात हे फूल मुख्यत्वे दोन रूपांत आढळते. पहिले, शाळकरी मुलीच्या वेणीला रोज सकाळी बांधले जाणारे व संध्याकाळी सोडले जाणारे फूल. दुसरे, एकदाच शिवून पिनेवर, रबरबँडवर किंवा हेअरबँडवर कायमचे बसवलेले फूल. पहिले घरातील नित्यकर्माचा भाग आहे, तर दुसरे भेटवस्तू व गृहोद्योगातील उत्पादन आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतही ही दोन्ही रूपे परिचित आहेत.

नाव

‘रिबीन’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. त्याचे अनेकवचन ‘रिबिनी’ असे होते. त्याच अर्थाचा ‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’ या शब्दापासून आला आहे. ‘फीत कापणे’ व ‘लालफितीचा कारभार’ या शब्दप्रयोगांत हीच फीत आहे. मात्र केसांच्या संदर्भात ‘रिबीन’ हाच शब्द अधिक रूढ आहे. फासे पाकळ्यांसारखे दिसतात, म्हणून गाठीला ‘फूल’ म्हटले जाते.

पूर्वपीठिका

रिबीन येण्यापूर्वीही वेणी बांधण्याची साधने महाराष्ट्रात होती. वेणी बांधण्याच्या दोरीस किंवा नाडीस ‘आगवळ’ म्हणत. तिच्या टोकांना रेशमी वा लोकरी गोंडे लावले जात. वेणी लांब व भरदार दिसावी म्हणून ‘गंगावन’ हा कृत्रिम केसांचा झुबका गुंफला जाई. सणासुदीला राखडी, मूद, केवडा यांसारखे दागिने व ताज्या फुलांचे गजरे वापरले जात. ताजी फुले मोसमावर अवलंबून असतात आणि दिवसभरात कोमेजतात; कापडी फूल धुऊन पुन्हा वापरता येते. मुलींच्या केशभूषेत रिबीन रुळण्यामागे ही सोय होती.

युरोपात रिबिनींचे विणकाम हा दीर्घकाळ रेशीम व्यवसायाचा भाग होता. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री व फ्रान्समधील सँ-एतियेन ही शहरे त्यासाठी प्रसिद्ध होती. पॉलिएस्टर धाग्याचा शोध १९४१ साली ब्रिटनमध्ये जॉन व्हिनफिल्ड व जेम्स डिक्सन यांनी लावला. या धाग्यामुळे रिबीन स्वस्त, धुण्यास सोपी व लवकर वाळणारी झाली. आज बाजारात मिळणारी बहुतेक सॅटिन रिबीन पॉलिएस्टरची असते.

शाळकरी वेणी

केसांचा मधोमध भांग पाडून दोन वेण्या घालणे, प्रत्येक वेणीचे टोक वर वळवून कानामागे मुळाशी आणणे आणि तेथे रिबिनीने बांधून फूल काढणे, ही पद्धत विसाव्या शतकात शालेय गणवेशाबरोबर राज्यभर रुळली. लाल, पांढरा, निळा व काळा हे शालेय रिबिनींचे नेहमीचे रंग होत. एका वेणीस साधारण एक वार रिबीन लागते. वेणीच्या निम्म्या भागापासून रिबीन दुहेरी करून पेडांत गुंफल्यास धावपळीतही फूल सुटत नाही.

या फुलात कात्री, सुई किंवा गोंद यांचा वापर नसतो. गाठ सोडली की रिबीन पुन्हा सपाट होते, धुता येते आणि धाकट्या बहिणीकडे जाऊ शकते. रोज सकाळी आई, आजी किंवा मोठी बहीण वेणी घालते. पुढे तीच मुलगी ही गाठ पाहून शिकते. शिवलेल्या तयार फुलांमुळे सकाळचा वेळ वाचला. त्याचबरोबर, गाठ मारण्याचे हे कौशल्य काही घरांत मागे पडले.

साहित्य

रिबिनीचे सॅटिन, ग्रोसग्रेन व ऑर्गंझा हे प्रमुख प्रकार होत. सॅटिन तुकतुकीत व मऊ असते. ग्रोसग्रेनवर आडव्या उठावदार रेषा असतात व तिचा आकार चांगला टिकतो. ऑर्गंझा पारदर्शक व कडक असते. नवशिक्यांसाठी ग्रोसग्रेन सोयीची, कारण ती हातातून निसटत नाही. याशिवाय सुई, त्याच रंगाचा दुहेरी दोरा, धारदार कात्री, पट्टी, मेणबत्ती आणि टिकटिक पिना किंवा चिमटा क्लिपा लागतात. कोकणातील पावसाळी दमट हवेत लोखंडी पिना गंजतात व त्यांचा डाग रिबिनीवर उतरतो. त्यामुळे चांगला मुलामा असलेल्या पिना निवडणे हितावह ठरते.

कृती

एक इंच रुंदीच्या रिबिनीचे साधे शिवलेले फूल पुढीलप्रमाणे करतात.

१. रिबिनीचा २० सेंमी लांबीचा तुकडा कापावा. तो फाशांसाठी वापरला जातो. खाली लोंबणाऱ्या शेपटांसाठी १८ सेंमीचा दुसरा तुकडा घ्यावा व त्याची दोन्ही टोके माशाच्या शेपटीसारखी कातरावीत.

२. पॉलिएस्टर किंवा नायलॉन रिबिनीची कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या बुडाजवळून झटकन फिरवावी. धागे वितळून एकमेकांस चिकटतात व कड उसवत नाही. ज्योतीच्या पिवळ्या टोकाशी धरल्यास काजळी बसते. सुती किंवा रेयॉनची रिबीन वितळत नाही, ती जळते. तिची कड दुमडून शिवावी.

३. २० सेंमीच्या तुकड्याची टोके १ सेंमी एकमेकांवर ठेवून कडे करावे. कड्याचा घेर १९ सेंमी होतो व ते चपटे केल्यावर सुमारे साडेनऊ सेंमी रुंदीचे फूल मिळते. जोड मागील बाजूस मध्यभागी आणावा.

४. शेपटांचा तुकडा खाली ठेवून, मध्यावर रिबिनीच्या रुंदीत वरपासून खालपर्यंत धावदोरा घालावा. दोरा ओढून चुण्या पाडाव्यात, त्यावर दोन-तीन वेढे देऊन पक्की गाठ मारावी.

५. सुमारे १ सेंमी रुंदीच्या रिबिनीचा ७ सेंमी तुकडा मध्यभागी गुंडाळून मागे शिवावा. त्याच वेळी पिनही टाक्यात घ्यावी.

लहान मुलांच्या पिनेसाठी फाशांचा तुकडा १२ सेंमी पुरतो व त्यापासून साडेपाच सेंमीचे फूल होते. अनेक जण शिवण्याऐवजी ग्लू गनने गरम गोंद लावतात. त्यात वेळ वाचतो. तथापि, ओढाताण झाल्यास टाके अधिक टिकतात.

सणसमारंभ व भेट

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणाऱ्या हळदीकुंकवात वाण म्हणून दिल्या जाणाऱ्या लहान वस्तूंत केसांच्या पिना व रिबिनी यांचा समावेश असतो. लहान मुलांच्या बोरन्हाणात हलव्याचे दागिने बांधण्यासाठी रिबीन उपयोगी पडते. नवरात्रातील कुमारिकापूजनात मुलींना बांगड्या, कंगवा, रिबिनी देण्याची चाल अनेक घरांत आहे. वाढदिवसाला आलेल्या मुलींना परतभेट म्हणूनही ही फुले दिली जातात. हाताने केलेल्या फुलात मुलीच्या पोशाखाचा रंग, केसांची लांबी व वय लक्षात घेता येते. भेट म्हणून त्याचे वेगळेपण यातच आहे.

कर्जत व खालापूर परिसर

१८५६ साली लोहमार्ग मुंबईकडून खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ साली भोर घाटातील मार्ग सुरू झाला. त्यामुळे हा परिसर मुंबईच्या बाजारपेठेशी लवकर जोडला गेला. आजही कल्याण, उल्हासनगर, दादर आणि मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट परिसर या घाऊक बाजारपेठा कर्जत-खोपोलीहून लोकलने गाठता येतात. लोकलच्या महिलांच्या डब्यात फिरते विक्रेते पिना व रबरबँड विकतात. खालापूर तालुक्यातील साजगाव येथे कार्तिकी एकादशीपासून भरणारी बोंबल्या विठोबाची जत्रा आणि महड येथील वरदविनायकाचा माघी उत्सव यांना मोठी गर्दी होते.

कच्च्या मालाशीही तालुक्याचा एक दूरान्वयाने संबंध आहे. खालापूर तालुक्यातील पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात १९८० च्या दशकात पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले. सॅटिन रिबीन ज्या प्रकारच्या धाग्याची असते, तो धागा येथे कारखान्यात तयार होतो.

दोन्ही तालुके प्रामुख्याने भातशेतीचे आहेत. पावसाळ्यात लावणी व दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी यांत स्त्रियांचा वेळ जातो. त्यानंतरच्या मोकळ्या दिवसांतच संक्रांत येते. त्यामुळे वाणाच्या वस्तू करण्यास हा काळ सोयीचा असतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना शालेय रंगांच्या रिबिनींना मागणी वाढते.

मेहनत व किंमत

हस्तकलेच्या या प्रकारात कच्चा माल स्वस्त असल्याने मजुरी हिशेबाबाहेर राहण्याचा धोका असतो. वर दिलेल्या मापाने एका फुलास एक इंची रिबीन ३८ सेंमी लागते; म्हणजे २० मीटरच्या गुंडाळीत ५२ फुले होतात. त्यांच्या मधल्या पट्टीसाठी अरुंद रिबीन सुमारे ३.६५ मीटर लागते. एका फुलास आठ मिनिटे धरल्यास ५२ फुलांना जवळजवळ सात तास लागतात. तासाला १०० रुपये मजुरी गृहीत धरली तर प्रत्येक फुलावर सुमारे १३ रुपये केवळ मजुरीचे होतात. यंत्रावर तयार झालेल्या फुलाशी किमतीत स्पर्धा करताना हीच रक्कम प्रथम सोडून दिली जाते. मग विक्री होऊनही करणारीच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून रिबीन, पिन, दोरा, प्रवास व वेळ यांची नोंद वेगवेगळी ठेवणे आवश्यक ठरते.

बचत गटांना पाठबळ देणाऱ्या शासकीय यंत्रणांत १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून कार्यरत ‘उमेद’ अभियान यांचा समावेश होतो. असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियम, २००८ आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यांत घरी बसून काम करणाऱ्यांची स्वतंत्र व्याख्या आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ साली ई-श्रम पोर्टल सुरू झाले.

मुलांची सुरक्षितता

तीन वर्षांखालील मुले हाती आलेली वस्तू तोंडात घालतात. खेळण्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारा सुटा भाग या वयासाठी धोकादायक मानला जातो. त्यामुळे त्यांच्या फुलांवर मणी, टिकल्या किंवा चिकटवलेले खडे लावू नयेत. तान्ह्या बाळाचा हेअरबँड नाकातोंडावर किंवा गळ्यात घसरू शकतो, म्हणून तो झोपवताना काढावा. रिबिनीची शेपटे आखूड ठेवावीत.

वेणी रोज फार आवळून बांधल्यास केसांच्या मुळांवर ताण पडतो व कपाळाजवळील केस विरळ होऊ शकतात. उवा मुख्यतः डोक्याला डोके लागल्याने पसरतात. तरी वसतिगृहांत व आश्रमशाळांत प्रत्येकीचा कंगवा व रिबीन वेगळी असणे इष्ट असते. रिबिनी गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून धुता येतात. मेणबत्ती व ग्लू गन यांचे काम मोठ्यांनीच करावे. वितळलेले पॉलिएस्टर किंवा गोंद त्वचेला चिकटून खोल भाजते. मुलांना शिकवताना कापणे, मोजणे व धावदोरा घालणे एवढे काम त्यांच्याकडे द्यावे.

हे सुद्धा पाहा

वेणी, गजरा, आगवळ, गंगावन, हळदीकुंकू, बोरन्हाण, बचत गट